चौऱ्याहत्तर, आणि तो बिचारा डीजे

२०२५ चे गणपती तोंडावर आलेत, पडवीला रंग काढायचा बाकी आहे, आणि मी कॅटचा, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म अर्धा भरून बसलेय कारण फोटो अपलोड होत नाहीये. रेंज आली की गोल फिरतं, गेली की थांबतं. तोपर्यंत गेल्या वर्षीचं सगळं एकदाचं लिहून टाकते. डिसेंबरपासून तीन-चार जणींनी विचारलंय की अगं कॅट एवढी वाईट गेल्यावर तू त्यातून बाहेर कशी आलीस, आणि मी प्रत्येकीला "चलता है" टाइप काहीतरी उत्तर दिलंय जे अर्थातच खोटं होतं.

आधी थोडं माझ्याबद्दल. देवगड तालुका, घरची साठेक कलमं, बी.कॉम., आणि गेली तीन वर्षं एका पतपेढीत काउंटरच्या आतल्या बाजूला. एमबीए करायचंय हे डोक्यात का आलं ते वेगळं सांगण्यासारखं आहे पण आज नको. क्लास लावायला कणकवलीपर्यंत जाणंही जमलं नसतं म्हणून ऑनलाइन कोर्स घेतला, आमच्या घरात रेंज नाही म्हणून संध्याकाळी सड्यावर कातळावर जाऊन व्हिडिओ डाउनलोड करायचे आणि रात्री बघायचे, पावसाळ्यात लाइट गेली की मॉक, म्हणजे सराव परीक्षा, अर्धवट. असं करत करत मॉकमध्ये एकदा नव्वद पर्सेंटाइलपर्यंत गेले होते. एकदाच. पण मी सगळ्यांना "मला मॉकमध्ये नव्वद येतात" असं सांगायचे, अनेकवचनात.

आता तो शनिवार. कॅट होती २४ नोव्हेंबर २०२४ ला, रविवारी, माझा सकाळचा स्लॉट, साडेआठचा, सेंटर कोल्हापूर. म्हणजे आदल्या दिवशीच जाऊन राहणं आलं. आणि आदला दिवस म्हणजे २३ नोव्हेंबर, विधानसभेची मतमोजणी! फॉर्म भरताना हे कोणाला माहीत असणार. बाबा आणि मी एसटीने फोंडाघाट चढून दाजीपूर-राधानगरीमार्गे कोल्हापुरात उतरलो तेव्हा रस्ता गुलालाने गुलाबी झालेला, चपलांचे तळवे गुलाबी, बाबांचा पांढरा सदरा खांद्यावर गुलाबी, कोणीतरी येताजाता उधळला. लॉजवरचा माणूस म्हणाला आज जरा आवाज राहील. जरा! रात्री दीडपर्यंत खिडकीच्या काचा थरथरत होत्या, ट्रॉलीवर डीजे, त्याच्यामागे पोरं, आणि एक मिरवणूक गेली की पंधरा मिनिटांनी दुसरी, बहुधा दुसऱ्या कोणाची तरी. बाबा कानात कापूस घालून भिंतीकडे तोंड करून झोपले, झोपले म्हणजे पडून राहिले. मी छताकडे बघत वर्तुळाचे नियम आठवत होते आणि मध्येच ते गाण्याच्या ठेक्यावर यायला लागले. तांबडा-पांढरा खाऊया म्हटलं होतं येताना, तर बाबांनी पोट बिघडेल म्हणून दहीभात खायला लावला, कोल्हापुरात जाऊन दहीभात, हे दुःख अजून आहे.

पेपर कसा असतो ते माहीत नसेल त्यांच्यासाठी: दोन तास, तीन भाग, प्रत्येकी ४० मिनिटं. आधी इंग्रजीचा व्हीएआरसी, मग डीआयएलआर म्हणजे ते डेटाचे आणि लॉजिकचे सेट, मग गणित. एका भागातून दुसऱ्यात उडी मारता येत नाही, ४० मिनिटं झाली की दार बंद. आमच्या वेळी ६८ प्रश्न होते, २४, २२ आणि २२ असे. बरोबरला ३ मार्क, पर्यायवाला प्रश्न चुकला तर १ वजा, आणि जिथे उत्तर स्वतः टाइप करायचं असतं तिथे चुकलं तरी वजा नाही. एकूण २०४ मार्क. बाहेर आले तेव्हा बाबा गेटसमोरच्या टपरीवर उभे होते, त्यांनी फक्त "चाय घेतंस?" विचारलं. मी चहा घेतला आणि म्हटलं डीआयएलआर वाईट गेलं, झोपच नव्हती ना.

बघा, तिथेच सुरू झालं ते. पेपर संपून दहा मिनिटंही झाली नव्हती आणि डीजे आरोपी ठरला होता.

३ डिसेंबरला आन्सर की, म्हणजे बरोबर उत्तरांची यादी, आणि रिस्पॉन्स शीट आली. रिस्पॉन्स शीट म्हणजे तुम्ही कुठल्या प्रश्नाला काय टिक केलं त्याची पूर्ण नक्कल. मी ती डाउनलोड केली, तिची लिंक एका स्कोअर मोजून देणाऱ्या साइटवर टाकली, ३७ असा आकडा आला, आणि फोन पालथा ठेवला. २०४ पैकी ३७. मग मनाची समजूत की पेपर तीन स्लॉटमध्ये होतो, कठीण-सोपा असा फरक काढून मार्क जुळवतात, त्यात आपले वाढतील. ३७ चे कितीही जुळवले तरी काय होणार, पण माणूस आशेवर असतो.

निकाल १९ डिसेंबरला लागला, गुरुवारी संध्याकाळी. मी त्या दिवशी रजा टाकलेली कारण बाबांची मोहोरावर फवारणी चालू होती, तुडतुडा दिसायला लागला होता, आणि गडी आला नाही म्हणून पाइप ओढायला मी. हातांना औषधाचा वास, ओढणी तोंडाला बांधलेली, आणि ग्रुपवर धडाधड मेसेज. सड्यावर चढून उघडलं. ७४ पॉइंट काहीतरी. व्हीएआरसी चौऱ्यांशीच्या आसपास, गणित सदुसष्ट, आणि डीआयएलआर छत्तीस. छत्तीस! मी स्क्रीन वरखाली करून पुन्हा बघितलं, जणू काही वर ओढून सोडलं की आकडा बदलेल.

आणि खरं सांगते, पहिला फोन कोणाचा आला असेल? ज्यांचा कोर्स घेतला होता त्यांच्याकडून. "मॅडम, रिपीटर बॅचला आजच्या दिवस डिस्काउंट आहे." माझा स्कोअर अजून आईला माहीत नव्हता आणि यांना रिपीटर माहीत होतं.

घरी दोन दिवस सांगितलं नाही. "सर्व्हर डाउन आहे" म्हटलं. तिसऱ्या दिवशी आजीनेच खळ्यात गाठलं.

"काय गो, पास झालंस काय नापास?"

आता हिला काय सांगू. कॅटमध्ये पास-नापास नसतं गे आजी. "मगे काय आसता?" पर्सेंटाइल असतं. "किती गावले?" चौऱ्याहत्तर. आजीचा चेहरा उजळला, "चौऱ्याहत्तर म्हणजे बरे आसत की! तुझ्या बापाशीक धावीत चव्वेचाळीस होते." आणि ती आत जाऊन देवापुढे साखर ठेवून आली. मी तिथेच पायरीवर बसून रडले, म्हणजे आधी हसले आणि मग ते तसंच रडण्यात गेलं, आईला कळेना काय झालं.

तर हे इथे सांगून टाकते कारण अजूनही पुष्कळ लोक मार्कांसारखं वाचतात. पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले मार्क नाहीत, तुमच्या मागे किती जण आहेत ते. त्या वर्षी साधारण २ लाख ९३ हजार जणांनी परीक्षा दिली होती. त्यातले चौऱ्याहत्तर टक्के माझ्या मागे, म्हणजे पुढे किती? चौऱ्याहत्तर हजारांच्या वर. हा हिशोब मी निकालाच्या रात्री केला आणि तो करायला नको होता. चौऱ्याहत्तर हजार माणसं रांगेत उभी केली तर कुठपर्यंत जातील असलं काहीतरी डोक्यात चालू होतं, आमच्या फाटकापासून सुरू करून मी ती जामसंड्यापर्यंत नेली होती.

पुढचा महिना मी काय केलं? काही नाही. कामाला जायचं, यायचं, जेवायचं, झोपायचं. सगळ्या ग्रुपमधून बाहेर पडले. ९९ वाल्यांच्या लांबलचक पोस्ट यायच्या की आकडा तुमची किंमत ठरवत नाही वगैरे, आणि मला एवढा राग यायचा, की बाबा रे हे वाक्य म्हणायचं तर छत्तीस वाल्याने म्हणावं, तुला काय जातंय. आई रोज काहीतरी आवडीचं करायची, सुरमई, बांगड्याचं तिखलं, ते बघून अजूनच कसंतरी व्हायचं, आजारी माणसाला करतात तसं.

आणि डीजे. डीजेची गोष्ट एव्हाना वाडीभर झाली होती. मी दोघांना सांगितली, आईने चौघांना, पुढे ती आपोआप वाढत गेली, शेवटी शेवटी तर मिरवणूक थेट परीक्षेच्या हॉलखालून गेली होती म्हणे. दुकानावर गेले की, "डीजेन घात केल्यान मा तुझो?" मी मान हलवायचे. बरं वाटायचं. लोक हळहळायचे, राजकारण्यांना दोन शिव्या घालायचे, आणि विषय माझ्यावरून निवडणुकीवर जायचा. यापेक्षा सोयीचं कारण असूच शकत नाही.

मुंबईचे एक काका संक्रांतीला आले होते, ते खुर्चीत बसून म्हणाले, हे बघ, कलमाचं कसं असतं, एक वर्ष धरतं, एक वर्ष नाही, खचून नाही जायचं, मोहोर गळला तरी झाड पुढच्या वर्षी परत... बाबा सुपारी कातरत होते, ते मध्येच म्हणाले, "झाडाक फी भरूची लागता काय?" काका गप्प. मग माझ्याकडे वळून, "परत बसाक किती लागतत?" अडीच हजार होते, म्हटलं, पुढच्या वेळी वाढतील. "बरां," एवढंच. महिन्याभरात माझ्याशी या विषयावर कोणी सरळ बोललं असेल तर ते तेवढंच.

आता जे खरं सांगायचंय ते.

३१ जानेवारी, शुक्रवार, महिनाअखेर. पतपेढीत महिनाअखेरीला कॅश आणि कीर्द, म्हणजे रोजच्या जमा-खर्चाची वही, जुळल्याशिवाय कोणी घरी जात नाही. त्या दिवशी पेटीत २७० रुपये जास्त निघाले. कमी निघाले तर पदरचे भरून सुटता तरी येतं, जास्त निघाले की डोक्याला ताप, कारण कोणाचे ते कळत नाही. पावणेसात वाजलेले, मला शेवटची गाडी पकडायची होती. मी म्हटलं, बहुतेक नवीन पिग्मी एजंटने, म्हणजे रोजची बचत गोळा करणाऱ्याने, घोळ केला असणार, त्याच्या स्लिपा वाचताच येत नाहीत, सोमवारी त्याला विचारू.

आमचे कॅशियर काका रिटायरमेंटला आलेले, कधी आवाज चढवत नाहीत. ते चष्मा पुसत म्हणाले, कोणी केला ते मागाहून, कुठे झाला ते आधी बघ. आणि मग, "फरकाक नवान भाग जाता काय?"

२७० ला ९ ने भाग जातो, ३० वेळा. ज्यांनी हिशोबाचं काम केलंय त्यांना माहीत असेल, फरकाला ९ ने भाग गेला की पहिला संशय आकडे उलटे पडल्याचा घ्यायचा, ४७ चे ७४, ६३ चे ३६. मग सगळी कीर्द वाचायची नाही, फक्त जिथे आकडे उलटे पडू शकतात तिथेच बघायचं. वीस मिनिटांत सापडलं. पिग्मीची स्लिप ७४० ची, कीर्दीत ४७०. स्लिपेवरचं अक्षर स्वच्छ होतं, अगदी छापल्यासारखं. नोंद मी केली होती.

काका काहीच बोलले नाहीत. खोडून वर बरोबर आकडा घातला, सही केली, पेटी बंद. गाडी चुकली होती म्हणून त्यांनीच स्कूटरवर फाट्यापर्यंत सोडलं. मागे बसून मला सारखं तेच, की मी तीन वर्षं रोज दुसऱ्यांचे फरक काढते, दहा रुपयांच्या फरकासाठी सगळी तेरीज पुन्हा मांडते, आणि माझ्या स्वतःच्या ३७ मार्कांचं कागदपत्र दोन महिने फोनच्या डाउनलोडमध्ये पडलंय, ते मी एकदाही उघडलं नाही. आरोपी मात्र पकडून ठेवलाय.

त्या रात्री उघडलं. जुनी खतावणीची वही घेतली आणि ६८ च्या ६८ प्रश्न मांडले. शीटवर प्रश्नाला किती वेळ लागला ते नसतं, ते आठवून आठवून लिहिलं, जेवढं आठवलं तेवढं.

व्हीएआरसी: १० बरोबर, ५ चूक, शिवाय टाइप करायचे दोन चुकले त्याचं वजा नाही. २५ मार्क. गणित: ४ बरोबर, ४ चूक, ८ मार्क. डीआयएलआर: २ बरोबर, २ चूक. ४ मार्क. २२ पैकी चार प्रश्न सोडवले होते मी ४० मिनिटांत, बस.

आणि इथेच डीजेची केस पडली. कारण झोप न झाल्याचा त्रास व्हायचा तर तो आधी कुठे व्हायला हवा होता? लांबलचक उतारे वाचायला लागतात तिथे, सकाळी साडेआठला, पहिल्याच भागात. आणि तोच माझा सगळ्यात चांगला गेला होता! जागरणाने इंग्रजीला हातही लावला नाही आणि बरोब्बर ४० मिनिटांनी येऊन डीआयएलआरलाच पकडलं, असा कसा डीजे?

मग मॉकचे जुने रिपोर्ट काढले. एकूण दहा दिलेले. मी प्रत्येक वेळी वरचा मोठा आकडा बघून बंद करायचे, आतलं पान कधी उघडलंच नव्हतं. दहापैकी सात मॉकमध्ये डीआयएलआर साठच्या खाली. ऑगस्टपासून. ज्या एका मॉकमध्ये नव्वद आले होते त्यात एक सेट नशिबाने ओळखीचा निघाला होता, तेवढंच. म्हणजे कोल्हापुरात काही घडलंच नव्हतं, जे घरी रोज होत होतं तेच तिथे गुलाल लावून झालं.

खोलात गेल्यावर अजून एक दिसलं. डीआयएलआरला पाच सेट होते, कुठल्यात चार प्रश्न, कुठल्यात पाच. मी स्क्रीनवर जो पहिला आला तो धरला. वीस-बावीस मिनिटं त्यात गेली, सुटत नव्हता, पण एवढा वेळ घातलाय तर आता सोडायचा कसा, म्हणून धरूनच बसले. मग घाईत दुसरा उघडला, टेबल काढलं, सोडला, तिसरा उघडला, वेळ संपला. त्यातल्या चौथ्या सेटपर्यंत मी पोचलेच नव्हते, आणि फेब्रुवारीत घरी शांतपणे बसून तो सोडवला तर साडेनऊ मिनिटं लागली. साडेनऊ. वहीवर ते लिहून मी पेन ठेवलं आणि बराच वेळ पंख्याकडे बघत होते. रडू मात्र आलं नाही. राग आला, आणि तो राग बरा होता, महिन्यानंतर पहिल्यांदा काहीतरी स्वतःवरच पण नेमक्या जागी.

आईला मासळी बाजारात बघितलंय मी लहानपणापासून. ती पहिल्या कोळणीकडे कधीच घेत नाही. आधी सगळ्या पाट्या बघत शेवटपर्यंत जाते, कुठे कल्ले लाल आहेत, कुठे बर्फाचं जुनं आहे, आणि मग परत फिरून भाव करायला बसते. भाव जमला नाही तर उठते, मागून हाका मारल्या तरी वळत नाही. मी हे सगळं तिच्या मागे पिशवी धरून चालत बघितलंय आणि परीक्षेत पहिल्याच पाटीवर पैसे टाकून मोकळी.

तर मग सुधारणा म्हणून जे केलं ते फार काही थोर नाही. रोज सकाळी कामावर जायच्या आधी दोन सेट. त्याआधी जुन्या पेपरातले पाचच्या पाच सेट फक्त वाचायचे, सोडवायचे नाहीत, पाच मिनिटांत कुठला आधी आणि कुठला अजिबात नाही ते लिहायचं, आणि संध्याकाळी सगळे सोडवून निवड बरोबर होती का ते तपासायचं. पहिले पंधरा दिवस माझी निवड इतकी चुकायची की चिठ्ठ्या टाकल्या असत्या तरी जास्त बरोबर आली असती. बारा मिनिटांत सेटचं तोंड दिसलं नाही तर उठायचं, हा नियम पाळायला सगळ्यात जड गेला, अजूनही जातो. गणितातल्या चारपैकी दोन चुका शेवटच्या पाच-सहा मिनिटांतल्या होत्या, सोपी टक्केवारी, घाईत आकडे खालीवर, परत तेच ४७ आणि ७४! त्यावर उपाय म्हणून मी रफमध्ये आकडे मोठे लिहायला लागले, ऐकायला बावळट वाटतं पण फरक पडला.

आणि मॉक रात्रीचे बंद. रविवारी सकाळी साडेआठला, पडवीत, सगळ्यांसमोर. कोंबड्या, शेजारचा रेडिओ, कोणी सुट्टे मागायला आलेलं, सगळं चालू असताना. एकदा आजी स्क्रीनसमोर येऊन विचारत होती की हे घड्याळ उलटं का मोजतं.

मध्ये एमबीएची सीईटी, म्हणजे आपल्या राज्याची प्रवेश परीक्षा, झाली, एप्रिलच्या सुरुवातीला. तिचा ढंग अगदी वेगळा, २०० प्रश्न, १५० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला पाऊण मिनिट, आणि चुकलं तरी वजा काही नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडणं म्हणजे मूर्खपणा. कॅटमध्ये सोडायला शिकायचं आणि इथे काहीच सोडायचं नाही. तेव्हा आमच्याकडे आंबा काढणी ऐन भरात, दिवसभर झेल्याने काढलेला आंबा निवडायचा, पेट्या भरायच्या, त्या वाशीला जाणाऱ्या गाडीत चढवायच्या, आणि रात्री रीझनिंगचे प्रश्न. हातांना चीक लागून पेन चिकटायचं. अभ्यास फार झाला असं नाही म्हणणार, पण तक्रार करायलाही वेळ नव्हता, त्या वेळी तेच बरं होतं.

यंदा मान्सून २५ मे लाच तळकोकणात उतरला, झाडावर आंबा असताना, जो राहिला तो कॅनिंगला मिळेल त्या भावाने गेला. त्याच आठवड्यात सीईटीचा निकाल. लाइट दोन दिवस नव्हती. फोन शेजाऱ्यांच्या गाडीत चार्ज करून मी छत्री घेऊन सड्यावर, वारा असा की छत्री उलटी, आणि ९१ पर्सेंटाइल. बरे होते. टॉपच्या कॉलेजांना याने काही होत नाही, पण मुंबई-पुण्यात कुठेतरी लागलं असतं. मी दोन वर्षांची फी, हॉस्टेल आणि कर्जाचा हप्ता असा कागद मांडला, पतपेढीतली सवय, आणि ज्या कॉलेजांची नावं समोर होती त्यांच्यासाठी तो आकडा मला पटला नाही. मैत्रीण म्हणाली वेडी आहेस, हातातलं सोडतेस. असेनही. तिने घेतलं असतं आणि तिच्या जागी ते बरोबरच असतं. मी कॅटला आणखी एकदा बसतेय. एकदाच, दोनदा नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून खाली तारीख घातलीय.

मला आता वाईट वाटत नाही का? वाटतं की. परवा फॉर्ममध्ये आधी कॅट दिली होती का असं काहीसं आलं तेव्हा पोटात खड्डा पडलाच. छत्तीस हा आकडा कुठेही दिसला, गाडीच्या नंबर प्लेटवरसुद्धा, तरी खुपतो. फक्त तो कुठून आला ते आता ठाऊक आहे.

दुकानावर अजून डीजेची चौकशी होते. पहिल्यांदा मी तिथे खरं सांगितलं, की डीजेचं काही नव्हतं हो, मलाच ते सेट येत नव्हते, तर दुकानवाल्या काकांनी माझ्याकडे अशा दयेने बघितलं, जणू पोरगी डीजेतून अजून सावरलीच नाही. आता मी पुन्हा मान हलवते.

फोटो झाला वाटतं अपलोड. हो, झाला. यंदा, २०२५ ला, परीक्षा ३० नोव्हेंबरला आहे, परत रविवार, फी २६०० झालीय. बाबा मघाशी पाठीमागे येऊन उभे राहिले, हातात रंगाचा ब्रश, स्क्रीनवर सेंटरच्या रकान्यात मी पहिलं नाव कोल्हापूरच टाकलेलं बघितलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत.

"तारीख बघितलंस मा नीट? आदल्या दिवशी खयचो निकाल बिकाल नाय मा?"

नाही, म्हटलं. आणि यावेळी तांबडा-पांढरा खायचा. ते म्हणाले पेपर झाल्यावर.